चोक, क्लच आणि कान

माझ्याकडे १९६३ सालची मॉरिस मायनर १००० आहे हे कळल्यावर लोक सहसा दोनच प्रश्न विचारतात: ती चालते का, आणि विकली तर किती येतील. पहिल्याचे उत्तर 'हो, जवळजवळ नेहमी' असे आहे आणि दुसऱ्यात मला फारसा रस नाही. ती चालवताना नेमके काय काय करावे लागते, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारते आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजची गाडी जी कामे चालकाच्या नकळत उरकून टाकते, ती सगळी या गाडीत चालकाच्या अंगावर पडतात. ती पडल्यामुळे होणारा वैताग आणि ती जमू लागल्यावर मिळणारे समाधान यांचे मूळ एकच आहे, त्यामुळे आनंद आणि त्रास असे दोन वेगळे रकाने मला या गाडीच्या बाबतीत कधीच मांडता आलेले नाहीत.

गाडीची थोडी ओळख करून देते. मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस. पुढे १९५९ मध्ये आलेली मिनीही त्याचीच. मायनरचा नमुना तयार झाल्यावर त्याला तो अरुंद वाटला, म्हणून त्याने ती गाडी मधोमध उभी कापून घेतली, दोन्ही भाग मागेपुढे सरकवत नजरेने प्रमाण जुळवले आणि रुंदी चार इंचांनी वाढवली. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती त्या वाढीची खूण आहे. बंपर तर आधीच घडवून झाले होते, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांचे बंपरही कापून त्यांत चार इंचांचा जोड द्यावा लागला. कंपनीचे सर्वेसर्वा लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी मुळीच आवडली नव्हती; त्यांनी तिला पोच केलेल्या अंड्याची उपमा दिल्याचे सांगतात. तरीही दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी उत्पादन थांबेपर्यंत सुमारे सोळा लाख गाड्या बाहेर पडल्या. ॲम्बॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली, तिच्याच घराण्यातली ही धाकटी. माझ्या गाडीत १०९८ सीसीचे ए-सिरीज इंजिन आहे आणि त्याची कागदोपत्री ताकद ४८ अश्वशक्ती आहे, जी आजच्या कित्येक मोटारसायकलींपेक्षाही कमी भरते.

आता चालवण्याविषयी. किल्ली फिरवली की बॉनेटखालून टिकटिक ऐकू येऊ लागते. तो टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या एसयू कंपनीच्या पंपाचा आवाज. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग; त्याचे फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठवणारी छोटी वाटी, रिकामे असेल तर पंप भराभर टिकटिकतो, चेंबर भरत आले की मंदावतो आणि मग थांबतो. या काही सेकंदांत गाडीच्या प्रकृतीविषयी बरेच काही कळते. टिकटिक थांबलीच नाही, तर टाकी कोरडी आहे, पाइपाच्या एखाद्या जोडातून पंप हवा ओढतो आहे किंवा फ्लोटची सुई नीट बसत नसल्यामुळे पेट्रोल ओसंडते आहे. ती सुरूच झाली नाही, तर पंपाचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, काळे पडले आहेत किंवा वायर सैल झाली आहे. सेल्फ मारण्याआधीच निदानाची सुरुवात झालेली असते.

मग चोक. या कार्बोरेटरमध्ये चोक ओढल्यावर पेट्रोलचा जेट खाली सरकतो, त्यात उतरलेल्या निमुळत्या सुईभोवतीची फट मोठी होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. गारठा असेल तर चोक पूर्ण ओढावा, उबदार हवेत अर्धा पुरतो आणि इंजिन आधीच गरम असेल तर त्याला हातही लावू नये. इंजिन सुरू होताच तो आत ढकलला तर ते दम तोडते, आणि बाहेर राहू दिला तर प्लग काजळतात व जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते. मधला मार्ग कानाने शोधावा लागतो: इंजिनाचा आवाज जड आणि अडखळता झाला की नॉब थोडा आत, पुन्हा जड झाला की आणखी थोडा. नव्या गाडीत हेच काम सेन्सर आणि संगणक क्षणाक्षणाला करत असतात. मला ते रोज सकाळी स्वतः करावेसे वाटते असे मी म्हणणार नाही. घाईच्या दिवशी तर ते नकोच असते. पण पहिल्या एक-दोन किलोमीटरांत इंजिन गरम होत जाते तसा हात आपोआप नॉबकडे जाऊ लागतो, आणि तो योग्य क्षणी गेला हे इंजिन लगेच सांगते.

गिअर चार आहेत. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला सिंक्रोमेश, म्हणजे दातांचे वेग आपोआप जुळवणारी व्यवस्था आहे, पहिल्याला नाही. त्यामुळे गाडी चालती असताना पहिल्या गिअरमध्ये यायचे तर डबल क्लच करण्याला पर्याय नसतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून एक्सलरेटरला हलकीशी रेस, पुन्हा क्लच दाबून पहिला. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना दिलेल्या रेसमुळे गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट वेगाने फिरतो आणि एकमेकांत अडकायच्या दातांचे वेग जुळतात. रेस कमी पडली तर खरखर ऐकू येते, जास्त झाली तरीही खरखरच येते, आणि बरोबर पडली तर गिअर बोटांच्या दाबानेच आत जातो. हे कौशल्य नव्या गाडीत निरुपयोगी आहे हे मला मान्य आहे. तरीही चढावरच्या वळणाला गाडी मंदावलेली असताना एकही आवाज न होता पहिला पडला, की शेजारी बसलेल्याला काही कळत नाही आणि मी मात्र पुढचा बराच रस्ता स्वतःवर खूश असते.

अठ्ठेचाळीस अश्वशक्तीचा अर्थ चढावर कळतो. तिथे इंजिनाकडे उसनी मागायला ताकद शिल्लक नसते, म्हणून आहे तो वेग जपावा लागतो. पुढचा ट्रक किती वेगाने चढतो आहे, वळणानंतर चढ वाढतो की संपतो, तिसरा टाकायचा तर आत्ता की वीस मीटरनंतर, याचा विचार चढ सुरू होण्याआधीच झालेला असावा लागतो. ओव्हरटेक करण्याचे तर मी जवळजवळ सोडूनच दिले आहे. याची भरपाई स्टीअरिंग करते. मायनरला रॅक-पिनियन स्टीअरिंग आणि पुढे टॉर्शन बार सस्पेन्शन आहे, त्या काळातल्या स्वस्त गाडीच्या मानाने हे फार पुढचे होते, आणि आजही वळणाच्या रस्त्यावर ही गाडी ताशी साठ किलोमीटरला जी मजा देते ती नव्या गाडीत शंभराच्या वर गेल्याशिवाय मिळत नाही. टायर अरुंद, स्टीअरिंगचे चाक पातळ आणि मोठे, मध्ये कुठलीही मोटर नाही. रस्त्यावर पसरलेली बारीक खडी तळहातांना कळते. पार्किंगमध्ये मात्र हेच स्टीअरिंग खांदे दुखवते, कारण पॉवर स्टीअरिंगचा प्रश्नच नाही.

ब्रेक हा या गाडीचा सर्वांत गंभीर विषय आहे आणि त्याबाबत रम्य बोलण्याला माझा विरोध आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही आणि सगळ्या चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच वाट. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर गळू लागला किंवा एक रबरी होस फुटला, की चारही चाकांचा ब्रेक जाऊ शकतो. उरतो तो केबलवर चालणारा हँडब्रेक आणि इंजिनाचा अडथळा. लांब उतारावर सतत पाय ठेवला तर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि त्याला आतून दाबणाऱ्या शूपासून दूर जातो, शूवरच्या लायनिंगचे घर्षणही घटते, पॅडल खाली जाऊ लागते आणि गाडी थांबायला नकार देते. म्हणून ज्या गिअरने तो चढ चढावा लागला असता त्याच गिअरने उतरायचे, हा जुना नियम इथे अक्षरशः पाळावा लागतो. पाण्यातून गेल्यावर एखादा ड्रम ओला राहिला तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते, त्यामुळे पाण्याबाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबून शू सुकवून घ्यावे लागतात. आणि शू झिजतील तसे त्यांचे ॲडजस्टमेंट ड्रमच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून हाताने करावे लागते; ते टाळले की पॅडल रोज थोडे थोडे खोल जाते आणि पायाला त्याची सवय होते, जे फार धोक्याचे आहे.

पुढच्या वाहनापासून मी भरपूर अंतर ठेवते. ते अंतर मोकळे दिसले की कोणीतरी त्यात घुसतेच, मग मी पुन्हा मागे सरते. यावर उपाय सापडलेला नाही.

रात्री आणि पावसात गाडी आणखी एक हिशेब करायला लावते. वीज बनवायला तिच्यात आजच्या गाड्यांसारखा आल्टरनेटर नसून जुना डायनॅमो आहे आणि तो जोरात फिरत असताना जास्तीत जास्त बावीस अँपिअर देतो, म्हणजे सुमारे २६० वॉट. हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा आणि इग्निशन एकदम चालू असले की त्यातले बरेच खर्ची पडतात, आणि सिग्नलला इंजिन मंद फिरत असताना तर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. वाहतूक कोंडीत अडकल्यावर पंखा बंद करून थोडा घाम सहन करायचा की बॅटरी संपवायची, असा निर्णय नव्या गाडीच्या मालकाला कधी घ्यावा लागत नाही. हेडलाइटचा डिपर डाव्या पायाने दाबायचा असतो, क्लच आणि तो एकाच पायाकडे असल्यामुळे वळणावर समोरून गाडी आली की पायाची चांगलीच धांदल उडते.

मला ही गाडी ज्यांनी शिकवली ते मिस्त्री वयाने माझ्या वडिलांएवढे होते. सुरुवातीला गाडी मिसिंग करू लागली की मी लगेच बॉनेट उघडून काहीतरी सोडवायला निघत असे, तेव्हा ते म्हणत, "ताई, आधी ऐका, मग पाना उचला." त्यांच्या कानाला व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटची टकटक, वॉटर पंपाच्या बेअरिंगची घुरघुर, सायलेन्सरच्या जोडातून निसटणारी फुसफुस आणि बिग एंडचा, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या जोडाचा खोल ठोका हे सगळे वेगवेगळे ऐकू येत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून आवाज नेमका कुठून येतो ते शोधण्याची पद्धत मी त्यांच्याकडूनच घेतली. स्पेअर पार्ट मिळत नाहीत ही जुन्या गाड्यांबाबतची नेहमीची तक्रार मायनरला लागू पडत नाही. सोळा लाख गाड्यांच्या कृपेने तिचे बहुतेक भाग आजही नव्याने बनतात आणि मागवता येतात. दुर्मीळ झाले आहेत ते असे कान. कार्बोरेटर उघडून नीट बसवणारा, पॉइंट घासून जमवणारा मनुष्य शोधणे हे आता पार्ट शोधण्यापेक्षा अवघड आहे, आणि म्हणून मालकाला स्वतः थोडे तरी मेकॅनिक व्हावेच लागते.

सुदैवाने ही गाडी शिकवण्याच्या बाबतीत उदार आहे. इग्निशनचेच घ्या. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे प्रत्येक प्लगकडे पाळीपाळीने वीज पाठवणारा भाग; त्यात पॉइंटची एक जोडी असते. फिरणारा कॅम ती उघडतो, त्या क्षणी कॉइलच्या पहिल्या गुंडाळीतला प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उत्पन्न होऊन तो प्लगकडे जातो. ही व्यवस्था अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने विसाव्या शतकाच्या आरंभी बसवून दिली आणि पुढची साठेक वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. माझ्या गाडीत पॉइंटची फट ०.३८ मिलिमीटर, प्लगची ०.६४ आणि थंड इंजिनावर टॅपेटची ०.३० मिलिमीटर ठेवायची असते. फट मोजणाऱ्या फीलर गेजच्या तीन पात्या, दोन-तीन पाने आणि एक मोकळी दुपार एवढ्या भांडवलावर इंजिनाचा सूर पुन्हा लावता येतो. यात डोळ्यांना दिसत नाही असे काहीच नाही. कॅम फिरताना दिसतो, फट उघडताना दिसते आणि ठिणगीसुद्धा दिसते.

रस्त्यात बंद पडण्याचा प्रसंगही याच कारणाने सुसह्य होतो. पेट्रोल इंजिन बंद पडले तर बहुतेक वेळा ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही, या दोहोंपैकी एक कारण असते. त्यातला सर्वांत फसवा प्रकार गरमीत होतो: तासभर व्यवस्थित चाललेली गाडी कोंडीत अडखळते, बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर काहीच झाले नसल्यासारखी सुरू होते आणि काही अंतरावर पुन्हा बंद पडते. हे दोन अगदी वेगळ्या दोषांचे लक्षण असू शकते. एक म्हणजे पाइपात किंवा फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. दुसरे म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेला विजेचा छोटा भाग, तापल्यावर निकामी होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो. निदान मात्र गाडी बंद असतानाच, ती गरम आहे तोवर करावे लागते. प्लगची वायर काढून तिचे टोक, रबर लावलेल्या पकडीने धरून, इंजिनाच्या धातूजवळ न्यायचे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे: जाड निळी ठिणगी पडली तर इग्निशन निर्दोष आहे, बारीक पिवळसर पडली किंवा पडलीच नाही तर कंडेन्सर बदलून पाहायचा. ठिणगी चांगली असेल तर इंजिन निवल्यावर कार्बोरेटरकडचा पाइप सोडून पंप पेट्रोल टाकतो आहे का ते पाहायचे. ठिणगी आणि उघडे पेट्रोल यांची गाठ एका वेळी पडू द्यायची नाही. माझ्या डिकीत पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पंख्याचा पट्टा, रेडिएटरचा होस, वायर आणि पाण्याचा कॅन हे कायम असतात. कंडेन्सर नवा घेतला तरी प्रवासाआधी तो बसवून गाडी फिरवून पाहिलेली बरी, कारण अलीकडच्या नव्या कंडेन्सरांचा दर्जा फार असमान आहे.

देखभालीत जी गोष्ट सर्वांत क्षुल्लक दिसते तीच मायनरमध्ये सर्वांत धोक्याची आहे. पुढच्या चाकांच्या स्विव्हल पिनांना वर-खाली आटे असतात आणि त्या आट्यांवरच चाक वळते. तिथे ग्रीस गेले नाही तर आटे आतल्या आत झिजतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस पिन खालच्या ट्रुनियनमधून, म्हणजे ती ज्यात फिरते त्या आटेदार तुकड्यातून निसटून चाक मडगार्डखाली दुमडते. मायनर बाळगणाऱ्या सगळ्यांना ही कथा माहीत असते. मी दर हजार किलोमीटरला ग्रीस गन घेऊन खाली जाते आणि जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत थांबत नाही.

तेल आणि पेट्रोल यांच्या बाबतीत काळ पुढे गेला आणि गाडी मागे राहिली. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात घडली. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. शिसे गेले हे उत्तमच झाले, त्याने माणसांचे फार नुकसान केले होते, आणि २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा जगभरातला वापर संपल्याचे जाहीर केले. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की सिलिंडर हेड काढून त्यात कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्या लागल्या, आणि ते काम एकदाच करायचे असते. इथेनॉलचे दुखणे मात्र चालू राहते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुन्या प्रकारचे रबर फुगवते, पंपाचा पडदा आणि होस खराब करते. म्हणून सगळे होस इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घातले आहेत आणि जुने पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहू देत नाही. तेलाचे म्हणाल, तर या इंजिनाच्या कॅमवर सपाट टॅपेट घासत असतात, त्यांना जस्त आणि फॉस्फरस असलेल्या झेडडीडीपी या घटकाचा आधार लागतो. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो म्हणून नव्या तेलांत तो कमी केलेला असतो. दुकानातले सर्वांत महाग आणि पातळ सिंथेटिक तेल या गाडीला मानवत नाही, तिला साधे २०डब्ल्यू-५० हवे.

गंजाविषयी थोडक्यात सांगायचे तर मायनरला वेगळी चासी नाही, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे दाराखालचा सिल, मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे आधार आणि जमिनीखालचे आडवे मेंबर सडले तर ते दुखणे केवळ दिसण्यापुरते राहत नाही. उभी गाडी जास्त गंजते. ती उभी राहिली की ब्रेकचे सिलिंडर अडकतात, सील सुकतात, टायरांना एका जागी चपटेपणा येतो, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि बॅटरी आपोआप संपते. आच्छादन घालून जपून ठेवलेली, प्रदर्शनापुरती बाहेर काढलेली गाडी मला दवाखान्यातल्या पेशंटसारखी वाटते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास, इंजिन नीट तापेपर्यंत चालवणे हीच तिची सर्वांत स्वस्त देखभाल आहे. नुसते जागेवर पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याने उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठते.

मूळ रूपात काय बदलावे यावर जुन्या गाड्यांच्या मंडळींत जेवढी भांडणे होतात तेवढी दुसऱ्या कशावरही होत नसतील. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फीवा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान तीस वर्षांचे, मूळ स्थितीत जतन केलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे असावे. व्याख्या म्हणून ती ठीक आहे. पण मायनरमध्ये चुरगळून धक्का पचवणारा पुढचा भाग नाही, स्टीअरिंगचा दांडा थेट छातीकडे रोखलेला आहे आणि डॅशबोर्ड उघडा पत्रा आहे. व्होल्वोमधील नील्स बोलिनने तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ मध्ये दिला. तो माझ्या गाडीत मूळचा नव्हता म्हणून आजही नसावा, हा युक्तिवाद मला मूर्खपणाचा वाटतो. पुढच्या दोन्ही जागांना पट्टे बसवले आहेत, मागचे दिवे अधिक प्रखर केले आहेत आणि ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर दोन वेगळ्या वाटांचा बसवायचे ठरवले आहे. लहान मुलांना मी या गाडीतून नेत नाही, मग ती कितीही हट्ट करोत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र नाकारले. ते अधिक अचूक आहे आणि त्याला फट जमवावी लागत नाही, हे खरे असले तरी ते बिघडते तेव्हा पूर्वसूचना न देता बिघडते, आणि पॉइंट बिघडण्याआधी आठवडाभर कुरकुरत असतात. पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही मी घेतला नाही. त्याने हमरस्त्यावर आवाज कमी झाला असता, पण पहिल्या गिअरसाठी करावा लागणारा डबल क्लचही गेला असता.

प्रदूषणाचा मुद्दा मी टाळणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेले हे इंजिन दर किलोमीटरमागे नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण हवेत सोडते आणि चौकात माझ्यामागे थांबलेल्या दुचाकीस्वाराला त्याचा वास येतो. नवी गाडी बनवण्यात जेवढे कार्बन खर्ची पडते ते मी वाचवते, अशी सबब मी देत नाही, कारण माझ्याकडे रोजच्या कामासाठी दुसरी गाडी आहेच. गर्दीच्या भागांत जुन्या वाहनांवर कुठे बंधने येत असतील तर त्यांविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक हक्क मला वाटत नाही. मी ती कमी चालवते आणि मिश्रण नीट जमवून ठेवते, एवढेच माझे म्हणणे.

माणसांचा अनुभव मात्र बहुतेक चांगलाच आहे. पेट्रोल भरताना कोणीतरी जवळ येते, बॉनेटवर हात ठेवते आणि आपल्या आजोबांच्या गाडीविषयी बोलू लागते. ती गाडी दर वेळी मायनरच असते असे नाही. पाच मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटे लागतील हे गृहीत धरूनच घरून निघावे.

अशी गाडी घेण्याचा विचार जे करत आहेत त्यांनी गुंतवणूक म्हणून घेऊ नये, एवढे आधी सांगते; दुरुस्तीची बिले जोडली की नफ्याचे गणित जुळत नाही. पाहायला जाताना जुने कपडे घालून जावे आणि पहिली पंधरा मिनिटे गाडीखाली घालवावीत. सिलवर लोहचुंबक फिरवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरून वर रंग दिला आहे. पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवावे आणि स्विव्हल पिनमध्ये खडखड आहे का ते पाहावे. ब्रेकचे पॅडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतल्या आत दाब निसटू देतो आहे. आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेले आढळले तर थंड सुरू करून पाहण्यासाठी पुन्हा यावे. सर्वांत शेवटी अर्धा तास गाडी चालवून ती बंद करावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला सांगावे. ती दहा मिनिटे मालक आनंदाने गप्पा मारत राहिला तर उत्तम. तो घड्याळ पाहू लागला, तर आपण कार्बोरेटर पाहायला लागावे.